व्हॉल्व्ह बदललाय? वारीला निघण्याआधी रक्त तपासून घ्या

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात ज्यांच्या हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेला आहे, त्या प्रत्येकाला आणि त्यांच्या घरच्यांना ही कळकळीची विनंती आहे. आषाढी तोंडावर आली आहे. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या शहरात मुक्कामाला येईल, घराघरांतून माणसं पंढरीच्या वाटेला लागतील. पाठोपाठ श्रावणाचे उपास, गणपती, नवरात्र, आणि कोजागरीला रात्रभर चालत तुळजापूर. चातुर्मासाचे हे दिवस आपल्याकडे मोठ्या उत्साहाचे असतात. पण याच दिवसांत गोळ्या चुकतात, खाणं बदलतं, जागरणं होतात आणि ‘रक्ततपासणी सण झाल्यावर बघू’ असं म्हणून पुढे ढकलली जाते. मग दम लागलेला, तोंड वाकडं झालेला किंवा नाकातून रक्त थांबत नसलेला पेशंट घेऊन नातेवाईक रात्री धावत येतात. शहराच्या पूर्व भागात दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणून मी हे पाहत आलो आहे. यंदा तसं होऊ नये म्हणून आधीच लिहितो आहे.

पहिली विनंती आत्ताच करतो, बाकीचं वाचायला वेळ नसला तरी चालेल. फाइल काढा आणि शेवटची पीटी-आयएनआर तपासणी कधी झाली ते बघा. महिना उलटून गेला असेल तर उद्या सकाळी जाऊन रक्त द्या. आलेला आकडा आपल्या डॉक्टरांना दाखवा किंवा फोनवर कळवा. ते सांगतील त्याशिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी वाढवू नका, कमी करू नका, आणि बंद तर कधीच करू नका.

एवढं आग्रहाने का सांगावं लागतं, ते विडी घरकुलातल्या एका बाईंच्या हकिगतीवरून कळेल. तिशी नुकतीच ओलांडलेल्या या बाईंचा मायट्रल व्हॉल्व्ह काही वर्षांपूर्वी बदलला होता. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, एक पैसा लागला नाही. त्या परत विड्या वळायला लागल्या, घर चालवायला लागल्या. गोळी नियमित घेत होत्या. मग दाढ दुखायला लागली. दाढ काढण्याआधी ‘रक्त पातळ करायची गोळी थांबवा’ असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी थांबवली. दाढ निघाली, दुखणं गेलं. गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. चार दिवसांसाठी थांबवलेली गोळी तशीच राहून गेली.

त्यांना घेऊन आले तेव्हा त्या आडव्या होऊ शकत नव्हत्या. खाटेच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यावर टेकून श्वास ओढत होत्या. नवऱ्याने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, ‘‘डॉक्टर, रात्री हिच्या छातीतला टिकटिक आवाज यायचा. परवापासून येत नाही.’’ त्याने आजाराचं निदान दारातच केलं होतं, फक्त दोन दिवस उशिरा. अँजिओग्राफीच्या एक्स-रे यंत्राखाली बघितलं तर व्हॉल्व्हच्या दोन पात्यांपैकी एक उघडझाप करत होतं आणि दुसरं जागच्या जागी रुतून बसलं होतं. त्यांना पुण्याला हलवलं. छाती दुसऱ्यांदा उघडली, व्हॉल्व्ह दुसऱ्यांदा बदलला. जीव वाचला. पण त्याआधीच गुठळीचा एक तुकडा सुटून मेंदूत गेला होता. आज त्या चालतात, बोलतात, मात्र उजव्या हाताची बोटं पानावर वळत नाहीत. हजार विड्यांवर मजुरी ठरणाऱ्या घरात त्या बोटांची किंमत काय, हे सोलापुरात मी कुणाला सांगायला नको.

धातूचा व्हॉल्व्ह म्हणजे एका कड्यात बसवलेली एक किंवा दोन पाती. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती उघडतात आणि मिटतात, दिवसाला लाखभर वेळा. ती सहसा झिजत नाहीत. पण शरीराला ती परकी असतात, आणि परक्या वस्तूवर रक्त साकळतं. पाती जिथे वळतात त्या बिजागरीपाशी आधी बारीकशी गुठळी धरते, मग ती वाढते आणि पातं अडकतं. १९६०मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांनी बनवलेला, पिंजऱ्यात चेंडू असलेला व्हॉल्व्ह माणसाच्या हृदयात बसवला गेला, तेव्हापासून आजपर्यंत व्हॉल्व्हचे आकार बदलले, धातू बदलले, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीतून सुटका करणारा धातूचा व्हॉल्व्ह कुणालाही बनवता आलेला नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने वर्षानुवर्षं खपून देशी व्हॉल्व्ह बनवला. ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्यांदा पेशंटला बसवला गेला, आणि आपल्यासारख्यांच्या आवाक्यात व्हॉल्व्ह आला तो त्यामुळे. तो बसवलेल्यांनाही ही गोळी जन्मभर आहे. चित्रा व्हॉल्व्हची चकती प्लास्टिकची असते, त्यामुळे तिचा आवाज हळू असतो. तुम्हाला पहिल्यापासूनच आवाज येत नसेल तर घाबरू नका. मात्र येत होता आणि बसला, घोगरा झाला किंवा बंद झाला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल. आपल्याकडे बहुतेकांच्या पाकिटावर ‘असिट्रोम’ हे नाव असतं. तिचा डोस ठरतो आयएनआरवर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणाऱ्या आकड्यावर. निरोगी माणसाचा आयएनआर १च्या आसपास असतो. मायट्रल जागी धातूचा व्हॉल्व्ह असेल तर तो साधारणपणे २.५ ते ३.५च्या दरम्यान हवा, एओर्टिक जागी बहुतेकांना २ ते ३. तुमचा नेमका किती हवा ते तुमच्या सर्जननी फाइलवर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर मागून लिहून घ्या. आकडा खाली गेला की गुठळीचं भय, फार वर गेला की रक्तस्रावाचं. या दोन आकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून या माणसांना आयुष्यभर चालायचं असतं, आणि आपण त्यांना ऑपरेशनच्या दिवशी ‘आता तुम्ही बरे झालात’ एवढंच सांगून घरी पाठवतो. मला यातली सगळ्यात खुपणारी गोष्ट हीच वाटते.

ही ऑपरेशनं अनेकांची सरकारी योजनेतून झाली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. पुढे योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि आता मर्यादा पाच लाखांची आहे. या योजनेने आपल्या जिल्ह्यातल्या यंत्रमाग कामगारांची, विडी कामगारांची, शेतमजुरांची हृदयं दुरुस्त झाली. याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पण ऑपरेशनच्या खर्चाची काळजी जेवढी घेतली गेली, तेवढी त्यानंतरच्या दर महिन्याच्या तपासणीची घेतली गेली नाही. तपासणीला लागतात काही शे रुपये. ज्याचा रोजचा हजेरीचा पैसा रोज संपतो, त्याला तेवढे आणि वर बुडालेला दिवस, दोन्ही जड जातात. योजनेत सुरुवातीला शस्त्रक्रियांबरोबर १२१ फेरतपासणी पॅकेजेसही होती, हे बऱ्याच पेशंटना ठाऊकच नाही. तुमच्या ऑपरेशननंतर तसं काही मिळतं का, किती काळ मिळतं, हे अंगीकृत हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करा. विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

आता वारी आणि उपास. देवाला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. ज्यांचं हृदय चालण्याजोगं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर जावं. गोळ्या मात्र जितके दिवस लागतील त्यापेक्षा आठवड्याभराच्या जास्त घ्या, आणि दोन ठिकाणी ठेवा: थोड्या आपल्या पिशवीत, थोड्या सोबतच्या माणसाकडे. पिशवी पावसात भिजते, गर्दीत हरवते. वाटेत जुलाब-उलट्या झाल्या, दोन दिवस जेवण गेलं नाही, तर आयएनआर झपाट्याने वर जातो. तेव्हा जवळच्या आरोग्य पथकाला आधी व्हॉल्व्हबद्दल सांगा, मग जुलाबाबद्दल. उपासाचंही तसंच आहे. रोज भाजी-भाकरी खाणारा माणूस नवरात्रात नऊ दिवस भगर आणि साबुदाण्यावर राहिला, की पालेभाजीतून मिळणारं के जीवनसत्त्व एकदम घटतं आणि तीच गोळी जास्त जोर करते. हिरड्यांतून रक्त, लघवीला लाल, अंगावर काळेनिळे डाग, डांबरासारखी काळी शौच, बायकांना पाळीत अति रक्तस्राव, ही त्याची लक्षणं. रोजे धरणाऱ्या बांधवांनी गोळीची वेळ इफ्तारनंतरची ठरवून घ्यावी आणि महिनाभर तीच ठेवावी.

भाजीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. व्हॉल्व्हच्या पेशंटने पालेभाजी खायचीच नाही, असं घरोघरी सांगतात. आपल्याकडे हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला येतो, मेथी, चाकवत, शेपू, पालक असतो. गरिबाच्या ताटातलं पौष्टिक तेच, आणि ते काढून घ्यायचं? तसं अजिबात करू नका. खा, फक्त एकसारखं खा. आठवड्यातून तीनदा खात असाल तर बारा महिने साधारण तेवढंच ठेवा. पंधरा दिवस काही नाही आणि मग शेतावरून गाठोडं आलं म्हणून रोज दोन्ही वेळा, असं झालं की आयएनआर खाली घसरतो. ‘ब्लॉकेज घालवणारा’ म्हणून लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरचा जो काढा मोबाइलवरून फिरत असतो, तो व्हॉल्व्हच्या पेशंटने घेऊ नये. व्हॉल्व्हच्या आजाराचा आणि ब्लॉकेजचा संबंध नाही, आणि अशा काढ्यांनी रक्तस्रावाचा धोका मात्र वाढू शकतो. एकदम भरपूर दारू पिण्याचंही तेच.

शेजारच्या काकांना हृदयाचे ठोके अनियमित असल्याबद्दल एक नवी गोळी मिळते, तिला रक्ततपासणी लागत नाही, हे पाहून काही पेशंट आपणहून तीच मागतात. कधी कधी लिहूनही दिली जाते. धातूच्या व्हॉल्व्हसाठी ती चालत नाही, हे ठामपणे सांगतो. अशाच नव्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रानचा अभ्यास धातूच्या व्हॉल्व्हच्या पेशंटवर सुरू होता. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त दिसल्याने तो मध्येच थांबवावा लागला, आणि त्याचे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. अपिक्साबान या दुसऱ्या नव्या गोळीचा अभ्यासही २०२२मध्ये असाच अर्ध्यावर थांबला. तपासणीची कटकट टाळायला व्हॉल्व्ह पणाला लावू नका.

आता मी माझ्याच व्यवसायबंधूंशी बोलतो. गल्लीतले डॉक्टर, खेड्यातले डॉक्टर, दंतवैद्य, औषध दुकानदार, तुम्ही या पेशंटचे पहिले रक्षक आहात. कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाला कमरेत इंजेक्शन देण्याआधी त्याचा शर्ट वर करून छातीवरचा उभा व्रण बघा. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या स्नायूत सुई गेली की आत रक्त साठून ओंजळभर गाठ होते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या पोटात रक्तस्राव घडवतात. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, कोट्रायमॉक्साझोल यांनी आयएनआर वर उडतो. क्षयरोगाच्या उपचारातल्या रिफॅम्पिसिनने तो इतका खाली येतो की नेहमीचा डोस कुठल्या कुठे अपुरा पडतो. क्षयाचं औषध सुरू करताना आणि संपवताना, दोन्ही वेळी काही आठवडे वरचेवर तपासणी लागते. दुकानदारांना हात जोडून सांगणं आहे की ‘दोनची नाही, चारची आहे, अर्धी करून घ्या’ असं तोंडी सांगून पाकीट देऊ नका. ज्यांना वाचता येत नाही ते गोळीचा रंग आणि आकार लक्षात ठेवतात. घरी गेल्यावर ते पूर्णच घेतात.

दंतवैद्यांशी बोलायचं ते वेगळं. कृत्रिम व्हॉल्व्हचा दुसरा मोठा शत्रू जंतुसंसर्ग आहे. हिरडीतून रक्तात शिरलेले जंतू व्हॉल्व्हवर जाऊन बसतात, तिथे वाढतात, टाके पोखरतात आणि व्हॉल्व्ह कडेने गळायला लागतो. यातून येणारा ताप सहजी उतरत नाही, आणि पुष्कळदा पुन्हा ऑपरेशन करून व्हॉल्व्ह काढावा लागतो. म्हणून दात काढण्याआधी, हिरडीतून रक्त येईल असं काही करण्याआधी, तासभर आधी प्रतिजैविकाचा एक डोस द्यायचा असतो. आणि एखाददुसरा दात काढायला रक्ताची गोळी बहुधा थांबवावी लागत नाही. आयएनआर बघून, जागच्या जागी टाका घालून, दाब देऊन काम होतं. थांबवायचीच वेळ आली तर ती हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच थांबवावी, आणि पुन्हा कुठल्या तारखेला सुरू करायची ते चिठ्ठीवर लिहून द्यावं. पेशंटना सांगतो, मिश्री, तंबाखू, मावा सोडा. ज्या तोंडात रोज मिश्री फिरते तिथल्या हिरड्या निरोगी राहत नाहीत. व्हॉल्व्ह असलेल्या माणसाला ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करायला सांगा. आधीच दोन-चार गोळ्या पोटात गेल्या की जंतू सापडत नाही आणि उपचार आंधळा होतो.

ज्यांना प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेला व्हॉल्व्ह बसवला आहे, त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना सहसा जन्मभर या गोळीची गरज नसते. तरुण मुलींना पुढचं मातृत्व ध्यानात घेऊन कधी कधी हाच व्हॉल्व्ह निवडला जातो. पण तो झिजतो. वयस्कर माणसात दहा-पंधरा वर्षं किंवा अधिक टिकेल, तरुणात लवकर कडक होतो, फाटतो. म्हणजे दुसरं ऑपरेशन पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. ते कधी, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर दरवर्षीच्या टूडी एकोत मिळतं. दम लागण्याची वाट न बघता, हृदय धडधाकट असताना, तयारीने केलेलं दुसरं ऑपरेशन आज बहुतेक पेशंट सुखरूप पार करतात. काहींना छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून जुन्या व्हॉल्व्हच्या आत नवा बसवता येतो. हॉलिवूडचा नट अर्नोल्ड श्वार्झनेगर याच्यावर १९९७मध्ये व्हॉल्व्हची शस्त्रक्रिया झाली, २०१८मध्ये एक व्हॉल्व्ह आणि २०२०मध्ये दुसरा पुन्हा बदलावा लागला. तो माणूस परत कामाला लागला. तेव्हा ‘दुसऱ्यांदा छाती उघडली की संपलं’ असं बोलून पेशंटचा धीर खचवू नका.

मात्र आणीबाणीत करावं लागणारं दुसरं ऑपरेशन भयंकर असतं, आणि ते का, हे नातेवाइकांना माहीत असावं. पहिल्या वेळी छातीचं मधलं हाड उभं कापून पोलादी तारांनी परत बांधलेलं असतं. जखम भरताना आतलं सगळं एकमेकांना चिकटतं. हृदय त्या हाडाच्या मागच्या बाजूला चिकटून बसलेलं असू शकतं. दुसऱ्यांदा तेच हाड कापताना करवतीच्या पात्याखाली काही मिलिमीटरवर धडधडतं हृदय असतं. म्हणून सर्जन कित्येकदा आधीच जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून हार्ट-लंग मशीन जोडायची तयारी ठेवतात. मग चिकटलेले पापुद्रे एकेक करून सोडवायचे, जुने टाके कापायचे, रुतलेलं कडं आजूबाजूचा भाग न फाडता काढायचं आणि त्याच पातळ झालेल्या जागी नवं शिवायचं. रक्त जास्त जातं, वेळ जास्त लागतो. हे सगळं फुफ्फुसात पाणी भरलेल्या, रक्तदाब ढासळलेल्या माणसावर करायचं. गुठळी ताजी असेल आणि पेशंट वेळेत आला, तर काही वेळा स्ट्रेप्टोकायनेजसारख्या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने हे ऑपरेशन टळतं. पण त्यासाठी लवकर यावं लागतं. तासांचा हिशेब असतो. म्हणून दम लागला, आडवं झोपता येईना, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. १०८ला फोन करा आणि पहिलं वाक्य हेच बोला, की यांना व्हॉल्व्ह बसवलेला आहे. डोक्याला मार लागला तर माणूस शुद्धीवर असला, हसत-बोलत असला, तरी सीटी स्कॅन होईपर्यंत घरी आणू नका.

मुलींच्या बाबतीत मला सासर-माहेरच्या दोन्ही घरांशी बोलायचं आहे. लग्न जमवताना ऑपरेशन झालेलं लपवलं जातं. मग ती मुलगी सासरी गोळीचं पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवते, कुणी बघेल म्हणून दोन दिवस घेत नाही, तपासणीला जायला कारण सापडत नाही म्हणून महिनोन् महिने जात नाही. आयाबायांनो, लेकीचं ऑपरेशन लपवून तिचा संसार सुखाचा होत नाही. आणि सासूबाईंनो, सुनेच्या छातीवरचा व्रण दिसला तर तिला जाब विचारू नका, गोळी घेतलीस का एवढं रोज रात्री विचारा. दिवस राहण्याआधी हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या, दोन्ही डॉक्टरांना भेटा. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात भेटा. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या गोळ्यांनी बाळाच्या वाढीत दोष येऊ शकतो, तर गोळी सोडली की आईचा व्हॉल्व्ह जाम होऊ शकतो, कारण गरोदरपणात रक्त साकळण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. मधला मार्ग आहे. काही आठवडे हेपरिनची इंजेक्शनं, मग परत गोळी, बाळंतपणाच्या आधी पुन्हा इंजेक्शन. तो प्रत्येक बाईसाठी वेगळा ठरवावा लागतो. ‘बाळाला त्रास नको’ म्हणून मायेपोटी आपणच गोळी बंद करणारी आई मला सगळ्यात जास्त भीती घालते.

या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा लहानपणच्या घसादुखीत असतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा, घोटा, कोपर आळीपाळीने सुजतात, आणि हृदयाच्या झडपा (म्हणजेच व्हॉल्व्ह) कायमच्या बिघडायला सुरुवात होते. दाटीवाटीच्या घरांत हा आजार जास्त. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं लागतं. एक गोष्ट मात्र व्हॉल्व्ह बदललेल्यांनाही कुणी सांगत नाही. ऑपरेशननंतरही पेनिसिलिन सुरू ठेवायचं असतं, कारण बाकीच्या झडपा तुमच्या स्वतःच्याच आहेत. सुईने गाठ येण्याची भीती असेल तर गोळ्या घ्यायच्या का ते डॉक्टर सांगतील. पण आपणहून सोडायचं नाही.

आता गावाकडे मागणं. सोलापुरात रक्तदान शिबिर भरवत नाही असं मंडळ शोधूनही सापडणार नाही. (व्हॉल्व्हच्या पेशंटनी मात्र या गोळ्यांवर असताना रक्तदान करू नये.) यंदाच्या गणपतीत प्रत्येक मंडळाने आपल्या भागातल्या व्हॉल्व्हच्या पेशंटची यादी करावी आणि त्यांच्या वर्षभराच्या आयएनआर तपासणीचा भार उचलावा. एका मांडवाच्या रोषणाईच्या खर्चात कित्येक माणसांचं वर्ष निघेल. पॅथॉलॉजी लॅबवाल्यांनी आठवड्यातली एक सकाळ ही तपासणी फक्त रसायनाच्या खर्चात करावी. विडी कारखानदार, यंत्रमागधारक आणि गारमेंटवाल्यांनी या कामगारांना महिन्यातून अर्धा दिवस पगार न कापता सोडावं. महापालिकेने आपल्या नागरी आरोग्य केंद्रांत बोटातून थेंबभर रक्त घेऊन आयएनआर सांगणारी यंत्रं ठेवावीत. विडी घरकुलातल्या किंवा कुंभारीच्या बाईला त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत रिक्षा करून यावं लागू नये. आशाताईंनी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या यादीला या माणसांची एक यादी जोडावी. ही मागणी मी महापालिकेकडे आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे लेखी करतो आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवावं.

घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याला आज रात्री बसवा आणि पुढचा मजकूर वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून घ्या. तीन प्रती करा: एक पेशंटच्या खिशात किंवा बटव्यात, एक मोबाइलच्या कव्हरमागे, एक घराच्या दाराला आतून.

‘‘माझ्या हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह आहे. प्रकार: धातूचा / ऊतीचा. जागा: मायट्रल / एओर्टिक. ऑपरेशनची तारीख: ______. रक्त पातळ ठेवण्याची गोळी: ______, ______ मिलिग्रॅम, रोज रात्री ______ वाजता. माझा आयएनआर ______ ते ______ हवा. शेवटचा आयएनआर ______, तारीख ______. माझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी बंद करू नका. मला कमरेत इंजेक्शन देऊ नका. दात काढण्याआधी मला प्रतिजैविक द्या. ताप असेल तर आधी रक्ताचं कल्चर करा. मला दम लागला असेल किंवा मी बोलू शकत नसेन तर १०८ला फोन करा. डॉक्टरांचा फोन: ______. घरचा फोन: ______.’’